सणाच्या दिवशी बसायचं नसतं

कुळाच्या संताचा सण असला की आमच्याकडे घरधन्याने बसायचं नसतं. पहिला पाहुणा उंबऱ्यात आला की उभं राहायचं, ते शेवटचा डुलत डुलत घरी जाईपर्यंत. आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि जो येत नाही त्याचा उद्धार गाव वर्षभर करतं. आमच्या घराचा संत म्हणजे महादूत मिखाइल. त्याचा दिवस नोव्हेंबरात येतो, आणि त्या दिवशी माझ्या बाबांना, म्हणजे ओब्रादला, बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

बाबांना मी एकटीच. मुलगा नाही, म्हणजे गावाच्या हिशेबी आमचं घर विझणार. माझा नवरा क्रस्मान लग्न करून आमच्याकडे राहायला आला, तेव्हापासून तो घरजावई. इतर बायका नवऱ्याच्या नावाने ओळखल्या जातात, आमच्यात उलटं. त्याचे केस पिकले तरी गाव त्याला माझ्या नावाने 'स्तामेनाचा क्रस्मान' म्हणतं. तो हसतो. मला नाही हसू येत.

त्याच्या वडिलांच्या घरचा संत वेगळा, लूका. ऑक्टोबरात त्या दिवशी क्रस्मान स्वयंपाकघरात एक बारकी मेणबत्ती लावतो, जरा वेळ उभा राहतो आणि लाकडं फोडायला जातो. त्या मेणबत्तीसाठी आमच्या घरी कधी एक पाहुणा आला नाही.

यंदा उन्हाळ्यात बाबांचे हात कापायला लागले. चमच्यातलं सूप टेबलावर सांडायचं. सणाचा पाव घरधन्याने मोडायचा, आणि त्याला धड हात हवेत, हे त्यांनाही कळत होतं. एकदा जेवताना म्हणाले, "वितोमिरला फोन करा. यंदा पाव तो मोडेल."

वितोमिर माझा चुलतभाऊ. बेलग्रेडला असतो, न्हाणीघराच्या फरशा विकतो. काकाच्या मातीला आला होता, त्यानंतर गावाकडे फिरकला नव्हता.

"बाबा, क्रस्मान इथे बसलाय," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? घराला नाव लागतं. ते वितोमिरकडे आहे."

क्रस्मान म्हणाला, "स्तामेना, मीठ दे जरा." एवढंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी आलुबुखाराच्या बागेत मी त्याला गाठलं. तो कुंपणाचा खांब ठोकत होता. "तुला काहीच वाटत नाही का रे?"

"वाटतं की."

"मग बोल ना त्यांना!"

"म्हाताऱ्याला त्याच्याच घरात मी काय सांगणार?"

"त्याच्या घरात? आणि तुझं घर कुठलं?"

त्याने खांबाला आणखी एक घाव घातला. मला त्याची कीव आली आणि त्याचा रागही आला. त्या घराच्या छपराचं एकेक कौल त्याने हाताने बसवलं होतं. पण जो पाव मोडतो, बाबांमागे संताची मेणबत्ती, म्हणजे घरधनीपण, त्याच्याकडे जाते. ती बेलग्रेडला गेली असती, आणि माझा माणूस मरेपर्यंत या घरात भाडेकरू राहिला असता.

सणाला सकाळपासून माणसं यायला लागली. बाबा काठी टेकून दारात उभे. क्रस्मान प्रत्येकाचा कोट घेत होता, राकियाचे, म्हणजे आलुबुखाराच्या दारूचे, पेले भरत होता, भट्टीतलं डुक्कर बघत होता. शेजारचा तानास्को आल्या आल्या म्हणाला, "काय रे जावई, सासऱ्याने सुट्टी नाही दिली वाटतं?"

"सुट्टी कसली? तुझ्यासारखी गिऱ्हाइकं असल्यावर?" क्रस्मान म्हणाला आणि त्याचा पेला काठोकाठ भरला.

वितोमिर उशिरा आला. गाडीतून उतरून त्याने सगळ्यांचे मुके घेतले, माझ्या हातात एक मोठा वाडगा ठेवला आणि टेबलाच्या वरच्या टोकाला जाऊन बसला. "गुडघा गेलाय गं," म्हणाला, "फरशा उचलून उचलून."

मी वाडग्यावरचं झाकण काढलं. आत शिजवलेले गोड गहू होते, वर साखरेचा क्रूस काढलेला.

सगळं घर वाडग्याकडे बघत राहिलं. इतर संतांच्या सणाला गहू शिजवतात, पण आमच्याकडे नाही. गहू गेलेल्या माणसांसाठी, आणि महादूत कधी मेलाच नाही. तो जिवंत आहे. त्याच्या सणाला गहू मांडणं म्हणजे जित्याचं श्राद्ध घालणं. आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

"काय झालं?" वितोमिर म्हणाला. "चांगल्या दुकानातून आणलेत."

तानास्कोने तोंड उघडलं. काहीतरी झोंबणारं येणार हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकायचं होतं. तेवढ्यात क्रस्मानने माझ्या हातातला वाडगा अलगद काढून घेतला.

"बरं केलंस आणलेस," तो वितोमिरला म्हणाला. "उद्या तुझ्या वडिलांच्या थडग्यावर नेऊ. खूप दिवस झाले त्यांना कुणी काही नेलं नव्हतं." वाडगा कोठीत ठेवून तो बाहेर आला आणि वितोमिरचा पेला भरला. वितोमिरचे कान लाल झाले होते. माणूस वाईट नव्हता. "विसरलो होतो रे," तो हळूच म्हणाला.

बाबा दारातून हे सगळं बघत होते.

दुपारी मोठी मेणबत्ती पेटवली. सगळे उठले. मी पाव आणला, वर लाल वाइनची वाटी. वितोमिर गुडघा धरून उठला आणि म्हणाला, "काका, कुठल्या बाजूने फिरवायचा ते तेवढं सांगा."

"तू राहू दे," बाबा म्हणाले. "बस. गुडघा दुखतोय तुझा."

मग काठी टेकत ते क्रस्मानपाशी गेले. "तू सकाळपासून बसलास का रे?"

"नाही, बाबा. वेळ कुठे होता?"

"मग पाव धर."

क्रस्मान जागचा हलला नाही. "बाबा, नाव..."

"धर म्हणतो ना! तानास्को, दुसऱ्या बाजूने तू धर. आणि आज तोंड बंद ठेव."

दोघांनी पाव फिरवला, वाइन ओतली, मोडला. मोठा तुकडा क्रस्मानच्या हातात आला, आणि तानास्कोने चक्क टोपी काढली. मी एप्रनने डोळे पुसले. लपवायची गरज वाटली नाही.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा टेबलाच्या कडेला, पाहुण्यांच्या बाकाशेजारी, बसले होते. काठी भिंतीला टेकवली, पाय लांब केले आणि रिकामा पेला पुढे केला.

"घरधनी," ते क्रस्मानला म्हणाले, "पाहुण्याला विचारणार आहेस की नाही?"