मास्तरांचा ब्रेक

अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या माणसावर स्वतः गाडी शिकायची पाळी आली, तर त्याने निदान तोंड मिटून शिकावं. पण तोंड मिटणं हा विषय मास्तरांच्या अभ्यासक्रमात कधी नव्हताच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊ माणसाशेजारी बसून त्यांनी उभी हयात काढली, आणि त्या हयातीत ते बोलायचे थांबले ते फक्त पाणी पिताना. मग पाठीच्या मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, आणि तिच्याबरोबर पायही गेले. म्हणजे दिसायला होते तिथेच होते, पण सांगितलेलं ऐकत नव्हते. "दोन नवे शिकाऊ," मास्तर पायांकडे बघून म्हणायचे, "आणि दोघेही ढ." पहिल्यांदा सगळे हसले. पुढच्या प्रत्येक पाहुण्याला तेच ऐकवल्यावर हसायचं काम एकट्या मास्तरांकडे आलं.

घरात चाकाची खुर्ची आली आणि खुर्चीमागे बायको आली. दारापासून कोपऱ्यापर्यंतचा रस्ता चढाचा. रोज संध्याकाळी ती त्यांना ढकलत वर न्यायची आणि मास्तर पुढे बसून सूचना द्यायचे. डावीकडे घे, खड्डा आहे, मागून टेम्पो येतोय. ढकलणाऱ्या बाईलाही डोळे असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

शेवटी तिचा खांदा गेला. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "ढकलणं बंद. नाहीतर उद्या या हाताने वेणीसुद्धा घालता यायची नाही." मास्तर डॉक्टरांना खुर्ची ढकलायची योग्य पद्धत समजावून सांगायला लागले.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली.

मास्तर गप्प बसले आणि घरीही बसले. स्वतः चाकं फिरवून चढ चढायला गेले, तर दोन घरं ओलांडली की खुर्ची आपली आपण परतीला निघायची. उरली ती खिडकी. खिडकीतून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या गाड्यांना सूचना देऊ लागले. बायको स्वयंपाकघरात, ते खिडकीत, आणि दर पाच मिनिटांनी "अगं, ऐकतेस का." आता जन्मभर हेच, असं त्यांना वाटायचं. पण भीती वाटते असं म्हणणं मास्तरांच्या इभ्रतीत बसत नव्हतं, म्हणून ते चहात साखर कमी आहे म्हणायचे.

अशात धाकट्या मेहुण्याला एक अजब गाडी मिळाली, आणि ती दाखवायला तो दोघांना आपल्याकडे घेऊन गेला. त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं आणि भंगारात काही दिसलं की त्याचा हात शिवशिवायचा. गाडीला शेजारी शेजारी दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, समोर दांडा. कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानसंकुलाचा रखवालदार तिच्यावर उभा राहून गस्त घालायचा. आतलं यंत्र गाडीचा तोल आपोआप सांभाळतं. पुढे झुकलं की पुढे जाते, मागे रेललं की थांबते, दांडा कलता केला की वळते.

"भाऊजी, यावर तुम्हाला बसवतो," मेहुणा म्हणाला.

"मेहुणेबुवा, ही उभं राहायची गाडी आहे. उभं राहता येत असतं, तर मी तुझ्या वर्कशॉपमध्ये कशाला आलो असतो?"

"सीट लावू की."

सीट मिळाली सलूनच्या मोडक्या खुर्चीची. मेहुण्याने फळीवर पाइप उभा केला, त्यावर सीट बसवली, आणि पहिली चाचणी म्हणून स्वतः बसला. बसल्याबरोबर गाडी त्याला घेऊन उलटी निघाली ती थेट वर्कशॉपच्या दारातून बाहेर.

"कुठे निघालास?" मास्तरांनी विचारलं.

"मला काय माहीत," मेहुणा दूर जात म्हणाला.

बसलं की माणसाचं वजन मागे जातं, आणि गाडीला तो मागे जाण्याचा हुकूम वाटतो. मेहुण्याने मग सीटखाली खाच पाडली, सीट थोडी थोडी पुढे सरकवत नेली, आणि माणूस ताठ बसला की गाडी जागच्या जागी उभी राहील अशी जागा शोधून काढली. चढता-उतरताना टेकायला गाडीला दोन लोखंडी पाय बसवले, पोटाला पट्टा लावला. मास्तरांनी प्रत्येक बोल्टवर मत दिलं. एकही बोल्ट त्यांच्या मतानुसार लागला नाही, म्हणून गाडी नीट झाली असावी.

वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू झाला. निघणं मास्तरांना झकास जमलं, वळणंही. वारा तोंडावर आला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी धुळीला नावं ठेवली. मग समोर जुन्या टायरांचा ढीग आला. थांबायचं होतं. गाडी थांबली नाही, उलट उधळली. टायर चहूकडे पांगले आणि मास्तर पट्ट्यात लोंबकळत राहिले.

"सीट फार पुढे आहे," त्यांनी निकाल दिला.

मेहुण्याने सीट मागे घेतली. मास्तर शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत घुसले. आता सीट फार मागे होती. मग दांडा सैल ठरला, मग जमीन. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मास्तरांनी शेकडो शिकाऊ लोकांना ऐकवली होती. स्वतःसाठी ती राखून ठेवायचं राहून गेलं होतं. शेवटी मेहुणाच थकला. "भाऊजी, वाळूचं पोतं बसवलं तर नीट थांबतंय. तुम्हीच तेवढे थांबत नाही. मला भीती वाटते. सोडून देऊ या."

मास्तरांचं अवसान गळालं. आता परत खिडकी, एवढंच त्यांना दिसत होतं. 

बायको इतके दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून बघत होती. ती उठली आणि म्हणाली, "तुम्ही ब्रेक दाबताय."

"अगं, या गाडीला ब्रेक नाही. आणि असता तरी दाबणार कशाने?"

"पाय हलत नाही, पण तुम्ही दाबताय. मी ओळखते ना. मला गाडी शिकवताना तेच करत होता."

ते खरं होतं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा, शिकाऊ चुकला की दाबायला. मास्तर उंचीने बेताचे, आणि तो ब्रेक लांब. म्हणून धोका दिसला की सगळं अंग उजव्या खांद्यासकट पुढे लोटून ते तो दाबायचे. इतकी वर्षं दाबला, की पाय गेले तरी खांद्याला निरोप पोचला नव्हता. टायर दिसले की खांदा पुढे, आणि या गाडीला पुढे म्हणजे पळ. सगळ्या जगात धडकायच्या भीतीने वेग वाढवणारा हा एकच ड्रायव्हर निघाला. बायकोच्या बाबतीत तर त्यांनी तो ब्रेक इतक्या वेळा दाबला होता, की तिला गाडी कधी आलीच नाही. मास्तरांच्या हातून लायसन न मिळालेली ती एकटीच.

ती गाडीच्या समोर काही पावलांवर जाऊन उभी राहिली.

"या," ती म्हणाली.

"बाजूला हो. लागेल."

"म्हणूनच उभी आहे. टायरांची तुम्हाला काळजी नाही. भीती वाटली की मागे टेकायचं, जेवण झाल्यावर टेकता तसं. बाकी काही करायचं नाही. बोलायचंही नाही."

"पण ऐक, या यंत्राचं असं आहे की—"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

मास्तर निघाले. ती जवळ आली. खांदा पुढे जायला लागला, तसा त्यांना तो पहिल्यांदा कळला, आपलाच असून परका. दुखऱ्या खांद्यामुळे झोळीत बांधलेला तिचा हात दिसला. आता हिला पाडणार आपण, असं वाटलं. त्यांनी जीव मुठीत धरून पाठ टेकली. गाडी हळू झाली आणि तिच्या पदरापासून वीतभर अंतरावर उभी राहिली.

"पास," बायको म्हणाली, आणि रडली. मेहुणा पाने-पक्कड आवरायला आत निघून गेला.

त्या रविवारी संध्याकाळी गाडी दारात उभी होती. मास्तरांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि रस्त्याचा सगळा बेत मनात आखला होता. ती शेजारून चालेल, कोपऱ्यावर थांबू, बघणाऱ्यांना गाडी समजावून सांगू. ते पट्टा लावून म्हणाले, "चल."

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"म्हणजे? तू?"

"मला घरी बसायचंय. एकटीला." ती उंबऱ्यात उभी होती. "राग नका मानू. खांदा गेला ना, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं. आता कुणी ढकल म्हणणार नाही म्हणून. मग लाज वाटली. पण तुम्ही घरात आणि मी घरात, एक तासही माझा नव्हता. तासाभराने या."

 मास्तर "बरं" म्हणाले. तिने दार लावून घेतलं.

चढ चढून ते कोपऱ्यावर पोचले. दोघांनी थांबून गाडीबद्दल विचारलं, आणि मास्तरांनी दोन वाक्यांत आटोपलं. इतके दिवस आपण स्वातंत्र्य मिळवतोय ते स्वतःसाठी, अशी त्यांची समजूत होती. घरात ती आत्ता काय करत असेल, ते त्यांना सांगता येईना. झोपली असेल, गात असेल, नुसती बसली असेल. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नव्हतं.

घड्याळात बघितलं तर दहाच मिनिटं झाली होती. घरी जाऊन तिला चढ कसा चढलो ते सांगावं, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी गाडी घराकडे वळवली, निम्मा उतार उतरले, थांबले, आणि परत वर निघाले.