जावयाचं काडतूस

फ्लोर्स स्टीनकाम्प यांच्या लोखंडी कपाटात तीन रायफली होत्या, आणि त्यांच्या विधवा मुलीला, हेस्टरला, आजवर तीन स्थळं सांगून आली होती. प्रत्येक स्थळानं एकेक रायफल निवडली आणि प्रत्येकाला वाटेला लावण्यात आलं. आता दारात चौथं स्थळ उभं होतं आणि कपाटात चौथी रायफल नव्हती. स्थळाचं नाव वेसल. वय पन्नाशीच्या पुढे, गावात औषधांचं दुकान, डोक्यावर नावाला केस, आणि हेस्टरवर जीव इतका की तिच्यासाठी तो रानरेड्यासमोर उभा राहायलाही तयार होता. नेमकं तेच त्याला करायचं होतं.

स्टीनकाम्पांकडे रीतच तशी. म्हाताऱ्याची उभी हयात दक्षिण आफ्रिकेतल्या वॉटरबर्गच्या डोंगरांत गेलेली, पाहुण्या शिकाऱ्यांना रेडा दाखवायचा आणि जिवंत घरी पाठवायचं, हा धंदा. आता धंदा बंद झाला होता, पण वर्षाला एक रेडा घरच्यासाठी, हा शिरस्ता चालूच होता. ज्याला जावई व्हायचंय त्यानं कपाटातली एक रायफल निवडायची, आदल्या दिवशी ती चारचौघांत निशाणावर चालवून दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी रेड्यावर पहिला बार टाकायचा. मागे राखणीला म्हातारा, आपली पाचशे पाच नंबरची रायफल घेऊन; आकडा जितका मोठा तितकी गोळी जाड. त्या रायफलीला तो 'थोरली' म्हणायचा. तिचं काडतूस अंगठ्याहून जाड होतं आणि ते उडालं की शेजारच्या शेतातली कोंबडी दोन दिवस अंडं देत नाही, असं गावात म्हणत.

हेस्टरला स्वतःला वडिलांच्या परवानगीची काडीइतकी गरज नव्हती. नवरा गेल्यापासून सगळं शेत ती एकटीच सांभाळत होती. पण तिनं वेसलला स्पष्ट सांगितलं होतं, की लग्न मी करीनच, मात्र पा चर्चमध्ये पहिल्या बाकावर नसले तर मला ते लग्न वाटायचं नाही. आता यापुढे माणूस काय बोलणार? वेसल रायफलींचा अभ्यास करायला लागला.

अभ्यास करण्यासारखं होतंही. पहिलं स्थळ गुरांचा डॉक्टर. त्यानं तीनशे पंचाहत्तर मागितली, तर म्हातारा म्हणाला, हा रेड्याला मारायला नाही, लस टोचायला निघालाय. दुसरा बँकेतला साहेब. त्यानं म्हाताऱ्याला खूश करायला थेट थोरलीवर हात ठेवला. म्हाताऱ्यानं त्याला विचारलं, दुसऱ्याच्या बायकोचाही असाच हात धरतोस का? तिसरा मक्याचा बागायतदार, शहाणा, मधली चारशे सोळा घेऊन मोकळा झाला. ज्याला धड लहान ठरवता येत नाही, धड मोठं ठरवता येत नाही, तो संसारातही असाच लोंबकळेल, असा निकाल लागला. तिघांपैकी एकही निशाणापर्यंतसुद्धा पोचला नाही.

वेसलनं गावात सल्ला विचारला. हीच त्याची चूक. या भागात माणसाला त्याचा देव कोणता विचारा, तो शांतपणे सांगेल. पण रानरेड्याला काडतूस कोणतं, हे विचारलं की जेवणं थंड होतात. बंदुकांच्या दुकानातला टर्शियस म्हणाला, तीनशे पंचाहत्तरच्या वर सगळा देखावा, गोळी कुठे लागते त्याला महत्त्व. खाटीक ब्राम म्हणाला, टर्शियसचं ऐकशील तर रेड्याला गुदगुल्या होतील, चारशे अठ्ठावन्नच्या खाली बोलूच नकोस. ती कपाटातच नाही म्हटल्यावर ब्राम म्हणाला, मग कपाट चुकलंय. टर्शियस आणि ब्राम याच विषयावरून गेली कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी टर्शियस मांस ब्रामकडूनच घ्यायचा, फक्त बायकोला पाठवून. शेवटी वेसल पाद्रीबाबांकडे गेला. त्यांनी त्याच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, आमेन म्हटलं आणि दारापर्यंत सोडताना हळूच म्हणाले, "चारशे सोळा."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे पाद्रीबाबा. त्या रात्री वेसलच्या एक गोष्ट लक्षात आली, की तिन्ही उत्तरं चुकीची ठरलेली असतील तर आपल्याला पटेल ते उत्तर द्यायला हरकत नाही.

म्हातारा व्हरांड्यात हेस्टरशेजारी कॉफीत रस्क बुडवत बसला होता. कपाट उघडं होतं. वेसलनं तीनशे पंचाहत्तर मागितली.

"का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ऊम, दुकानात मी रोज हेच सांगतो. औषध जास्त घेतलं म्हणून लवकर गुण येत नाही. सोसेल तेवढंच घ्यावं."

ऊम म्हणजे काका. इथे वडीलधाऱ्या माणसाला याहून दुसरं काही म्हणत नाहीत.

"रेड्याला खोकला झालेला नाही."

"म्हणून तर चमच्यानं देत नाहीये."

हेस्टरला ठसका लागला. म्हाताऱ्यानं चौथ्या स्थळाला वाटेला लावण्यासाठी तोंड उघडलं, पण तिनं कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, की या खेपेला कोणी परत जाणार नाही. शुक्रवारी निशाण, शनिवारी रेडा, रविवारी चर्च. म्हातारा मुलीकडे बघत राहिला. त्याचा रस्क कॉफीत विरघळून गेला तरी त्याला कळलं नाही.

शुक्रवारी दुपारी घरामागच्या वारुळावर कागद टाचला. ब्राम सॉसेजची परडी घेऊन हजर होता, कारण जिथे कोणाची फजिती होण्याचा संभव असतो तिथे ब्राम सहसा मांस पोचवायला येतोच. इथल्या शिकाऱ्यांची एक जुनी खोड आहे. निशाणावर उभा राहणारा आपली रायफल आपण भरत नाही. दुसरा कोणीतरी पाठ फिरवून भरतो आणि मनात आलं तर आत जिवंत काडतुसाऐवजी उडालेली रिकामी पुंगळी सरकवतो. खरा बार उडाला की धक्का इतका बसतो की माणूस त्याआधीच घाबरला होता का, हे कोणाला दिसत नाही. रिकाम्या पुंगळीला मात्र नुसतं खट्ट होतं, आणि माणूस जसा आहे तसा उघडा पडतो.

भरायचं काम हेस्टरकडे होतं. वेसलचा पहिला बार कागदात गेला. दुसऱ्याला नुसतं खट्ट झालं आणि रायफलीच्या नळीनं ठेच लागल्यासारखी मान टाकली. ब्राम पोट धरून हसला. वेसलचे कान लाल झाले.

"दचकलो," तो म्हणाला. "परत दे."

तिनं परत दिलं, कधी भरलेलं, कधी रिकामं, आणि तो चाप ओढत राहिला, खांदा दुखून येईपर्यंत. शेवटी शेवटी खट्ट झालं तरी नळी जागची हलेना. म्हाताऱ्यानं तोवर त्याला ऐकवायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. आमच्या काळात, रेडा, छाती, मर्द, सगळं झालं. मग त्यानं बाही सावरली, थोरली उचलली आणि सवयीनं मुलीच्या हातात दिली. त्याला आजवर कोणी रिकामी पुंगळी दिली नव्हती. तसं करायचं कोणाच्या मनातसुद्धा आलं नसतं.

हेस्टरनं पाठ फिरवली, रायफल भरली आणि परत दिली.

म्हाताऱ्यानं थोरली खांद्याला लावली. खट्ट झालं. त्याचे डोळे घट्ट मिटले, तोंड वाकडं झालं, सगळं अंग उडालं, नळी वारूळ सोडून गवताकडे गेली आणि तो अख्खी दोन पावलं मागे आला. बार झाला नाही, हे त्याला डोळे उघडल्यावर कळलं.

ब्राम एकदम सॉसेज मोजायला लागला.

"काडतूस फुसकं निघालं," म्हातारा म्हणाला आणि त्यानं खटका मागे ओढला. रिकामी पुंगळी गवतात पडली. ती रिकामी आहे, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"मागच्या वर्षी मी गाडीपाशी होते, पा," हेस्टर म्हणाली. "चार बार ऐकले. तुम्ही म्हणालात, फांदी आडवी आली."

 म्हाताऱ्यानं वेसलकडे पाहिलं. वेसलला ते बघणं बरोबर समजलं. जुनी काडतुसं कधीकधी दगा देतात, ऊम, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते त्याच्या जिभेवर आलंही होतं. त्या एका वाक्यात परवानगी होती, पहिला बाक होता, सगळं होतं. ब्रामनं तर फुसक्या काडतुसाची गोष्ट तिखटमीठ लावून गावभर सांगितली असती. पण उद्या गवतात रेडा चवताळून उलटला, तर मागे उभा राहणारा माणूस डोळे मिटून भलतीकडेच बार टाकणार होता, आणि पुढे वेसल असणार होता.

"ऊम," तो म्हणाला, "उद्या ही घेऊन तुम्ही माझ्या मागे असाल तर मी येणार नाही. मला भीती वाटते. रेड्याची वाटते तेवढीच तुमची."

म्हाताऱ्यानं थोरली भिंतीला टेकवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. निखाऱ्यावरचं जेवण तिघांनी केलं आणि कोणाला चव लागली नाही. ब्रामसुद्धा लवकर उठला. वेसलला वाटलं, संपलं. आपण खरं बोललो याचं त्याला जराही समाधान वाटेना. उलट जीभ कापून टाकावीशी वाटत होती. हेस्टरनं त्याचा हात धरला, पण तिचेही डोळे त्या बंद दारावर होते.

पहाटे दोघं गाडीपाशी आले, तर म्हातारा मागच्या बाजूला बसलेला. हातात रायफल नव्हती. मांडीवर कॉफीचा थर्मास होता. त्यानं चारशे सोळा हेस्टरकडे सरकवली आणि म्हणाला, "मागे तू उभी राहा. चला, वारा फिरेल."

 ऊन वर चढलं तेव्हा ओढ्याकाठच्या गवतात त्यांना रेडा सापडला, एकटा, वय झालेला, शिंगांवर चिखल वाळलेला. वेसलनं रायफल खांद्याला लावून चाप ओढला. गोळी खांद्यामागे लागली. रेडा धावला, वळला आणि त्यांच्याकडे तोंड करून उभा राहिला. हेस्टरचा बार आणि वेसलचा दुसरा बार जवळजवळ एकदमच झाले. रेडा गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि एकदा लांबलचक हंबरून गप्प झाला.

वेसलनं रायफल रिकामी केली. थोड्या वेळानं त्याला म्हाताऱ्याची आठवण झाली. म्हातारा मागे उभाच होता, रेड्याकडे बघत. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तो पुसतही नव्हता.

"हेस्टरची आई गेल्यापासून," तो म्हणाला, "मी एकही रेडा पडताना पाहिलेला नाही."



"डोळे मिटायचे आणि उघडायचे, तोवर सगळं होऊन गेलेलं असायचं." त्यानं थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि आधी वेसलपुढे धरली. "त्या तिघांनी काहीही निवडलं असतं तरी मी घालवलंच असतं. शेजारी कोणी उभं राहायला नको होतं मला."

वेसलनं कॉफी घेतली. घेताना अर्धी सांडली. म्हाताऱ्यानं परत भरून दिली आणि विचारलं, की पाद्रीबाबांना उद्याच गाठायचं, की आधी रेडा कापून घ्यायचा.