टक् तर वाजलं होतं

तेओने टॉर्क पाना आणला तो बागियो शहरातली सगळी दुकानं पालथी घालून. काट्याचा स्वस्तात मिळत होता, पण काटा वाचायला चष्मा लागतो आणि चष्म्यात माझा नवरा म्हातारा दिसतो. म्हणून टक् वाजणारा घेतला. आधी तो साध्या पान्याला पाइप अडकवून त्यावर उभा राहायचा आणि बोल्ट तोडून ठेवायचा. आता बेताचा जोर बसला की पाना टक् करतो, हात आवरायचा. मलाही तो पाना आवडला होता, खोटं कशाला बोलू.

जत्रेसाठी आम्ही आमची जीपनी, म्हणजे माणसं वाहायची लांब जीप, रंगवली. आमच्याकडे घर गळकं चालतं, गाडी नटलेली हवी. चाकांवरही लाल रंगाचे हात चढवले, नट बसतात त्या जागेवरसुद्धा. मग तेओने एकेक नट नव्या पान्याने आवळला.

सकाळी माणसं भरून निघालो. आमची जोवेलिन बापाशेजारी, मी मागे दाराशी. घाटाच्या उतारावर डाव्या चाकातून कटकट ऐकू आली.

"तेओ, चाक वाजतंय!"

"तुझे कान वाजतायत. टक् ऐकलं होतंस ना?"

"ऐकलं होतं. थांबव आधी."

"कुठे थांबवू, दरीत?"

माझ्या शेजारी बसलेले म्हातारे लाकाय बांगसोय ओरडले, "अरे, बायकोला नको घाबरू, दरीला तरी घाबर!"

स्टिअरिंग थरथरायला लागलं तेव्हा तेओचं तोंड उतरलं. जरा रुंद जागा मिळताच त्याने गाडी उभी केली.

नट बोटांनी फिरत होते. त्यांच्याखालचा रंग चिरडून भुगा होऊन गळला होता, म्हणून ते सैल पडले होते. दोन बोल्ट तर तुटलेच होते. पान्याची काहीच चूक नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेओने सगळी चाकं उतरवून रंग खरवडला, उरलेल्या बोल्टांवर नट पुन्हा आवळले. टक् वाजलं. कुणीही गाडीत चढेना.

"रिकामी नेतो," तो म्हणाला. "वळणावळणाला हॉर्न देईन."

आम्ही मागून चालत निघालो. हॉर्न वाजला की माझा जीव भांड्यात पडायचा. मग एका वळणानंतर हॉर्न आलाच नाही. मी चपला टाकून पळत सुटले.

गाडी कडेला धड उभी होती. तेओ चाकापाशी बसून नट चाचपत होता.

"मेल्या, हॉर्न का नाही दिलास?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"नट घट्ट आहेत गं." त्याने पुन्हा एक नट चाचपला. "पण मला एकट्याला चढवतच नाही. तू बसतेस शेजारी?"

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात जोवेलिन धावत आली, मागून लाकायही पोचले. मी तिचा हात लाकायच्या हातात दिला आणि तिच्याकडे न बघता गाडीत चढले.