पुढची गाडी थांबते

कंट्रोलर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण अख्ख्या गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी बसस्टँडवरून गाड्या सोडल्या. फलाटावर उभं राहायचं, वहीत वेळ टाकायची, शिट्टी फुंकायची आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यातही त्यांचा एक हट्ट होता: मागची गाडी आल्याशिवाय पुढची सोडायची नाही. लांबून येणाऱ्या गाडीत कुणी बाळंतीण असेल, कुणी परीक्षेला निघालेलं असेल. त्यांच्या डोळ्यांदेखत पुढची गाडी निघून जावी, हे कंट्रोलरांना बघवायचंच नाही. आत बसलेले प्रवासी बोंबलायचे, ड्रायव्हर इंजिन गुरगुरवत बसायचा, वरिष्ठ लेखी खुलासा मागायचे. कंट्रोलर ढिम्म! ‘येतायत माणसं,’ एवढंच म्हणायचे.

तर असा हा गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा परदेशाचं तिकीट काढायला गेला.

मुलीसाठी जायचं होतं. एकुलती एक, चिमी. तिकडे चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला, राहायला एकटीच. हृदयाची झडप नीट मिटेना, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलेली, दुपारी तीनची वेळ. आई असती तर तीच धावली असती, पण तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. फोनवर चिमी म्हणाली, “बाबा, मला आत न्यायच्या आधी एकदा तुमचं तोंड बघायचंय. बाकी काही नको.” मग रडू येऊ नये म्हणून हसली. “आणि तुमची शिट्टी आणा.”

लहानपणी शाळा सुटली की ती स्टँडवर यायची आणि रोज एक गाडी सोडायचा मान तिचा असायचा. गाल फुगवून शिट्टी तीच वाजवायची. ड्रायव्हरही मुद्दाम तिच्या शिट्टीची वाट बघत बसायचे.

तिकीट काढून देणाऱ्या बाईंनी दोन पर्याय दाखवले. दुसरं विमान दोन्हींत तेच, दोन तासांचं, ऑपरेशनच्या दिवशी साडेबाराला पोचणारं. पहिलं मात्र वेगळं. एक घेतलं तर मध्ये पाच तास मिळत होते, दुसरं घेतलं तर सत्तर मिनिटं.

“काका, पहिलीच वेळ आहे तुमची. पाच तासांचं घ्या. मध्ये उतरून पुन्हा तपासणी असते, चालायला लांब असतं,” बाई म्हणाल्या.

“पाच तास नुसतं बसून करू काय? तिकीट एकच ना?”

“एकच.”

“कंपनी एकच?”

“हो.”

“मग मी येतोय हे त्यांना ठाऊक आहे. पुढची गाडी थांबते.”

“काका, विमान नाही हो थांबत कुणासाठी.”

“बाई, गाड्या जुळवण्यात हयात गेली माझी. सत्तर मिनिटांत मी चार फलाटांची माणसं बदलायचो!”

चिमीनेही फोनवर तेच सांगून बघितलं. पण बापाला कोण समजावणार? सत्तर मिनिटांचं तिकीट काढलं आणि वर शेजाऱ्यांना ऐकवलंसुद्धा, की बघा, चार तास वाचवले.

पहिलं विमान दार लावून पंचवीस मिनिटं जागचं हललं नाही. कंट्रोलरांनी घड्याळ बघितलं, पण पोटातलं पाणी हललं नाही. त्यांनी हवाईसुंदरीला पुढचं तिकीट दाखवलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. ती गोड हसून म्हणाली, काळजी करू नका. झालं! हे निवांत. पुढे निरोप गेला असणार, असं धरून चालले.

उतरल्यावर कळलं, इमारतीपर्यंत बसने जायचंय. बस बघून त्यांना घरच्यासारखं वाटलं. सगळे चढले तरी बस थांबून राहिली, कारण एक आजोबा काठी टेकत जिना उतरत होते. कंट्रोलरांनी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला शाबासकी दिली. शाबासकी कसली, त्यांच्याच सत्तरांतली सहा मिनिटं तो उडवत होता!

आत गेले आणि समोर तपासणीची रांग. ही एवढी! तेव्हा कुठे त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. पुढच्या माणसाला तिकीट दाखवलं, त्याने आपलं दाखवलं. त्यालाही घाईच होती. पट्टा काढला, बूट काढले, तरी चौकटीतून जाताना यंत्र ओरडलं. खिशात शिट्टी. ती ट्रेमध्ये ठेवली, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तपासणाऱ्याने ती उलटीसुलटी करून बघितली, त्यातली गोळी खुळखुळवली, साहेबाला बोलावून दाखवली. अहो, शिट्टी आहे ती, बाँब नाही! पण हे सांगायला शब्द कुठे होते. हातवारे करत राहिले.

मग पळाले. पट्टा हातात, बुटांच्या नाड्या लोळतायत, चौसष्ट वर्षांचा माणूस काचेच्या दुकानांमधून धावतोय. त्यांचं दार सगळ्यात शेवटचं. पोचले तेव्हा सुटायला नऊ मिनिटं बाकी होती. नऊ! आणि काचेपलीकडे विमान उभं होतं, पुढच्या खिडकीत चालकाची टोपीसुद्धा दिसत होती.

दारापाशी एक बाई कागद आवरत होती.

“दार बंद झालं,” ती सोप्या इंग्रजीत म्हणाली.

“अहो, पण उभं आहे की!” कंट्रोलरांनी काचेकडे बोट दाखवलं. “मी मागच्या विमानात होतो. तुमच्याच.”

“आम्हाला माहीत होतं. दोनदा पुकारलं तुम्हाला.”

“माझ्या मुलीचं ऑपरेशन आहे. तीन वाजता. हृदयाचं.” हृदयावर हात ठेवून दाखवला. मग दोन्ही हात आपोआपच जोडले गेले. एकतीस वर्षांत त्यांनी कुणापुढे हात जोडले नव्हते. लोक त्यांच्यापुढे जोडायचे.

बाई दगडाची नव्हती. तिचा चेहरा उतरला. तिने फोन उचलला, काहीतरी विचारलं, ऐकलं आणि ठेवला. “आत दोनशे तीस माणसं बसलीयेत,” ती हळू बोलली. “त्यांतल्या चाळीस जणांना तिथून पुढचं विमान गाठायचंय. माझ्या हातात नाही.”

स्टँडवर गाडीतले बोंबलायचे ते कंट्रोलरांना फक्त ऐकू यायचं; त्यांनाही पुढे काही गाठायचं असेल, कुणीतरी त्यांचीही वाट बघत असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही डोक्यात आलं नव्हतं. विमान मागे सरकलं. त्यांनी काचेवर तळवा ठेवला, काढला. कुणाला ओरडून सांगणार आणि काय?

पुढच्या विमानात जागा मिळाली ती संध्याकाळी सहाची. मग ते दुसऱ्या कंपन्यांच्या खिडक्यांवर फिरले, हातापाया पडले, तिकिटाचा कागद दाखवून दाखवून मऊ पडला. कुठेच काही जमेना. चिमीला कळवायचं होतं, फोनही परदेशात चालेल असा करून घेतला होता, पण नंबर लावायला बोट धजेना. काय तोंडाने सांगायचं? जरा मार्ग निघाला की सांगू, असं करत करत दोन वाजून गेले.

आणि तिचाच फोन आला.

“बाबा, पोचलात? टॅक्सी मिळाली ना?”

“चिमे, मी मध्येच अडकलोय गं. पुढचं गेलं. माझंच चुकलं. तू सांगत होतीस.”

मग ती म्हणाली, “न्यायला आलेत ते. थांबा म्हणून सांगू का त्यांना? आज नाही तर पुढच्या महिन्यात करतील.”

पुढचा महिना! ही झडप महिनाभर धरणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं दोघांनाही माहीत होतं. तरी ती विचारत होती, कारण पोरीने बापाला आयुष्यभर गाड्या थांबवतानाच बघितलं होतं. कंट्रोलरांच्या जिभेवर शब्द आला होता. थांबव. मी येतोय, थांबव. जीव तुटत होता त्यांचा.

“नको,” ते म्हणाले. “कुणासाठी थांबायचं नाही. वेळेवर निघ.”

“बरं.” तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “मग शिट्टी वाजवा. आणलीत ना?”

त्यांनी डाव्या खिशात हात घातला. उजव्या खिशात घातला. शर्टाचा खिसा चाचपला. मग त्यांना तपासणीतला तो ट्रे आठवला, घाईघाईने फक्त बूट आणि पट्टा उचललेला आठवला. शिट्टी तिथेच राहिली होती.

“आणली तर!” ते म्हणाले.

ओठ कोरडे पडले होते. जीभ फिरवली आणि फोन तोंडाजवळ धरून त्यांनी तोंडानेच आवाज काढला. फुर्रर्र. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. पहिला आवाज नीट आला नाही, म्हणून पुन्हा काढला, मोठ्याने.

“ही तुमची शिट्टी नाहीये, बाबा,” चिमी हसत म्हणाली. हसतच होती की काय होतं कोण जाणे. मागे कुणीतरी तिला काही सांगत होतं, स्ट्रेचरची चाकं वाजत होती. मग फोन बंद झाला.

कंट्रोलर फोन कानाला धरून उभे राहिले. शेजारच्या बाईने सरकून त्यांना बसायला जागा केली, पण ते बसले नाहीत. गाडी सुटली की ती वळणापलीकडे जाईपर्यंत उभं राहायचं, एवढंच त्यांना येत होतं. इथून बघायचं कुठल्या दिशेला, तेही माहीत नव्हतं, म्हणून ते काचेकडे तोंड करून उभेच राहिले.