दोन तावी

पन्नास वर्षांत वेनाम्बू फुटबॉल क्लबनं काय मिळवलं ते मैदानाकडेच्या नव्या भिंतीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. अंब्रिम बेटाचं अजिंक्यपद नऊ वेळा. राजधानीला, विलाला, जाऊन सगळ्या बेटांचा चषक एकदाच, १९९१ साली. ज्वालामुखी ज्यांच्या मैदानावर आठवड्याला राख ओततो आणि ज्यांनी पहिली पंधरा वर्षं अनवाणी काढली, त्यांच्यासाठी हे थोडं नव्हतं. त्या चषकाखाली आणखी एक ओळ होती : 'तोकोन, चषक मांडीवर घेऊन हसत गेला.'

ओळ धादांत खोटी होती. आणि शनिवारी गावजेवणाआधी ती मासिंगनं वाचायची होती.

मासिंग त्या संघाचा गोलकीपर. तोकोन त्याच्या बायकोचा, लितोंगचा, पाठचा भाऊ. मेहुण्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, त्याला 'तावी' म्हणायचं. नाव घेतलं तर बायकोच्या माणसांना दंड म्हणून डुक्कर भरायचं. हा नियम बापजाद्यांचा, आणि मासिंगनं तो जन्मभर पाळला होता. मैदानावरसुद्धा.

विलातल्या त्या सामन्यात एक-शून्य अशी आघाडी होती आणि चार मिनिटं उरली होती. चेंडू उंच आला. मासिंग पुढे धावला आणि ओरडला, "तावी, सोड." आता त्याच्यापुढे बचावाला दोघं होते, तोकोन आणि त्याचा चुलतभाऊ बाए. दोघंही तावी. बाए थांबला. तोकोनला वाटलं, हे बाएला आहे. तो चेंडूकडे बघत मागं मागं आला आणि मासिंगचा गुडघा त्याच्या कानामागं बसला.

इथवर अपघात म्हणा. पुढचं अपघात नव्हतं. तोकोनच्या कानातून पाणी गळत होतं. इस्पितळ समोरच्या टेकडीवर, चालत दहा मिनिटं. पण संघाचा व्यवस्थापक बुलेकोर म्हणाला, आधी चषक, आधी फोटो, मंत्री यायचेत. मंत्री यायला तास लागला. तोकोनला दोघांनी काखेत धरून खुर्चीवर बसवला, मांडीवर चषक ठेवला, आणि मान पडत होती म्हणून मागून कुणीतरी केस धरले. फोटोत केसांतलं ते एक बोट दिसतं. ओठ वाकडे झालेत, त्यालाच एकतीस वर्षं हसू म्हणत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी परतीच्या बोटीत खोबऱ्याच्या पोत्यांवर तो गेला. बुलेकोर त्या फोटोवर निवडून आला आणि क्लबचा अध्यक्ष झाला.

केस धरणारं बोट मासिंगचं होतं.

आता तोच बुलेकोर कावा, मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला मासिंगच्या शेजारी येऊन बसला आणि समजावू लागला, की जुनं उकरू नये, लोक जेवायला येतात, रडायला नाही. करवंटी रिकामी करून थुंकला आणि म्हणाला, "नावापाशी आलास की तावी म्हण आणि पुढं सरक, भावा. तेवढं तर तुला छान जमतं."

शुक्रवारी सकाळी लितोंग पानात गुंडाळून भाजायच्या लापलापसाठी सुरण किसत होती. एकतीस वर्षांत तिनं मैदानावर पाय ठेवला नव्हता. मासिंगनं बुलेकोरचं बोलणं सांगितलं. ती किसतच राहिली.

"तुझ्या तोंडात त्याचं नाव नव्हतं म्हणून तो गेला," ती म्हणाली. "उद्या नाव घे. आणि फोटोचं सांग."

"डुक्कर द्यावं लागेल."

"द्यावंच लागेल. त्याचीच माणसं आहेत, मला काय सांगतोस?"

डुक्कर एकच होतं. सात वर्षं मासिंगनं त्याला हातानं मऊ सुरण भरवला होता. वरचे दात पाडलेले, त्यामुळे खालचा सुळा वळून जवळजवळ कडं झालेला. पुढच्या वर्षी ते मारून मासिंग मानाची पायरी चढणार होता आणि त्याला नवं, मोठं नाव मिळणार होतं. मेलेल्याचं नाव घ्यायचं तर स्वतःचं जाणार होतं.

शनिवारी त्यानं नऊ अजिंक्यपदं वाचली. लोकांनी टाळ्या दिल्या. मग तो खोटी ओळ ओलांडून म्हणाला, "तोकोन."

बायकोकडच्या माणसांनी माना खाली घातल्या. टाळी वाजली नाही.

"तोकोन हसत नव्हता. त्याची मान मी केस धरून वर ठेवली होती. इस्पितळ समोर होतं. बुलेकोर म्हणाला फोटो, आणि आम्ही सगळे गप्प बसलो."

बुलेकोरनं ध्वनिवर्धक बंद करवला. मासिंगनं तेच पुन्हा उघड्या आवाजात सांगितलं. मग बुलेकोरनं लोकांना हसून सांगितलं, की म्हातारा सकाळपासून प्यायलाय, आणि पानं वाढायला लावली. लोक जेवले. हेही लिहून ठेवलं पाहिजे, लोक पोटभर जेवले.

रविवारी बाए दोर घेऊन डुक्कर न्यायला आला. सुळ्यावरून हात फिरवून म्हणाला, "मी थांबलो होतो, तावी. मला वाटलं मलाच म्हणालास." एकतीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. डुक्कर जाईना, तेव्हा मासिंगनंच ते रस्त्यापर्यंत ढकललं.

भिंतीवरची ओळ तशीच आहे. सोमवारी तिच्या अक्षरांवर पांढऱ्या रंगाचा दुसरा हात बसला.

लितोंग शनिवारी कुंपणाबाहेर उभी राहून ऐकून गेली होती, हे मासिंगला डुक्कर नेताना बाएनंच सांगितलं. डुक्कर रस्त्याला लावून तो घरी आला आणि तिच्यासमोर बसला. रिकाम्या खुंट्याकडे बघत म्हणाला, झालं, घेतलं नाव.

"परत घे," ती म्हणाली.

"तोकोन."

"विलाच्या मैदानावर ओरडला होतास तसं."

तो ओरडला. शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"एवढ्याच मोठ्यानं घ्यायचं होतं," ती म्हणाली, आणि सुरण किसायला बसली.