थोरलीचं ‘छान’

फिरायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी दोघी जावा एकट्याच जेवायला बाहेर पडल्या. नवरेमंडळी गुडघे धरून लॉजवर पडली होती. धाकटीच्या ते पथ्यावरच पडलं. घरी परतल्यावर स्वयंपाकघर वेगळं करायचं, हे तिला आज थोरलीच्या कानावर घालायचं होतं आणि नवऱ्यासमोर ते जमलं नसतं.

कारण काय, तर एकच. लग्न होऊन आल्यापासून ती रांधत होती आणि थोरली खोट काढत होती. मीठ कमी, फोडणी करपली, भात गिचका झाला. ‘छान झालंय’ एवढं काही त्या बाईच्या तोंडून कधी निघालं नाही. माणसाने वाट तरी किती पाहायची?

हॉटेलच्या पाटीवर ‘भूमध्य सागराकाठची चव’ असं झोकात लिहिलं होतं. आत निळ्या खुर्च्या, भिंतीवर समुद्राचं चित्र आणि एक पाय आखूड असलेलं डगमगतं टेबल. पिटा ब्रेड म्हणजे निव्वळ पुठ्ठा. हमस इतकं थंड आणि बेचव, की त्यातले चणे रुसून निघून गेले असावेत. फलाफल नावाचा चण्याचा वडा तर चमच्याने फुटेना. धाकटीने जोर लावला, तसा तो टुणकन उडून शेजारच्या खुर्चीखाली गेला.

तेवढ्यात वेटरने येऊन विचारलं, “कसं आहे जेवण?”

“छान आहे हो!” थोरली गोड हसून म्हणाली.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“ह्याला छान?” वेटर वळताच ती उसळली. “ह्या पुठ्ठ्याला? मी इतकी वर्षं ओट्यापाशी जीव काढला, तेव्हा बरा सुचला नाही तो शब्द! बस झालं, ताई. घरी गेलं की मी माझी चूल वेगळी मांडणार.”

थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला.

“अगं, त्याला काय सांगायचं? आपण थोड्याच इथं परत येणार आहोत? परक्याला छान म्हणावं आणि उठावं. जिथं जन्मभर जेवायचंय, तिथंच मीठ कमी म्हणते मी.”

धाकटीने घुश्शात ताट पुढे सारलं. मग थोरलीने पर्समधून डबा काढला. आत प्रवासासाठी धाकटीनेच केलेल्या खोबऱ्याच्या वड्या. कालच ‘संपल्या’ म्हणून हिने दोन्ही भावांना वाटेला लावलं होतं, त्याच ह्या! थोरलीने एक वडी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि मघाशी वेटरकडे बघून हसली होती, अगदी तश्शीच हसली.

“छान झाल्यात हो.”

ज्या शब्दासाठी एवढी वर्षं धाकटीचे कान आसुसले होते, तो आला आणि तिला रडूच फुटलं.

“असं नका ना बोलू, ताई. खरं सांगा.”

“मला मेलीला काय कळतंय? तू आता वेगळी राहणार.”

“सांगा म्हणते ना! नाही मांडत मी चूलबिल.”

थोरलीने पदराने डोळे पुसले. दुसरी वडी उचलून उजेडात धरली.

“वेलची जास्त पडलीय. पाक कच्चा राहिला. आणि हे आकार कसले गं? एक हत्ती, एक मुंगी!”

धाकटीचा जीव भांड्यात पडला.

“वेलची अजिबात जास्त नाहीये,” ती नाक ओढत म्हणाली आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.