चोचीत फुगलेला सब्जा

मित्रांनो, माझी चोच बघून हसू नका हं! मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मुठीत मावेल एवढं माझं पोट आणि त्याला पुढे ही लांब निमुळती चोच. मद्रासचे आमचे शेजारी मला पालाडै म्हणतात. नाव काहीही घ्या, काम एकच. तान्ह्या बाळाच्या तोंडात दुधाची बारीक धार सोडायची, तीसुद्धा ठसका न लागू देता.

माझा जन्म तंजावरचा. एका म्हाताऱ्या सोनाराने मोडक्या अत्तरदाणीची चांदी वितळवून मला घडवलं. चोच काही केल्या त्याच्या मनासारखी होईना. तीनदा त्याने मला पुन्हा विस्तवात घातलं. तुम्हाला कुणी तीनदा विस्तवात घातलं असतं तर कळलं असतं! चौथ्या वेळी पाण्याची धार सुतासारखी सरळ पडली, तेव्हा कुठे तो हसला आणि त्याने मला धोतराच्या सोग्याला पुसलं.

अन्नपूर्णाबाई पहिल्यांदा बाळंत झाल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी मला त्यांच्या हाती दिलं. त्यांच्याबरोबर मी मद्रासमधल्या वेस्ट मांबलमच्या घरी आलो. पाय पसरून त्या बसायच्या, पायांवर बाळाला आडवं घ्यायच्या आणि मला त्याच्या ओठांशी टेकवायच्या. जनकोजी माझ्यावर वाढला. त्याच्यामागून सरोजा वाढली. सरोजा तर अशी लबाड, की दूध संपलं तरी हिरड्यांनी माझी चोच धरून ठेवायची. सोडायचीच नाही! त्या पकडीची मऊ गुदगुली मला अजून आठवते.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. रविवारी सकाळी माझ्यातून एरंडेल पाजलं जायचं. मी दिसलो की मुलं खाटेखाली पळायची. ज्यांनी माझ्यावर जीव लावला, त्यांनीच मला बघून भोकाड पसरावं, हे दुःख कुणाला सांगू? त्याबद्दल मी आजही सगळ्या मुलांची माफी मागतो.

पुढे नातवंडं झाली, पण त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. जनकोजीच्या बायकोने मला उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्या चोचीत जंतू राहतात." झालं! जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून मला लोखंडी कपाटात ठेवलं गेलं. सतरा वर्षं, मित्रांनो! मी काळाठिक्कर पडलो. आता कुणी कधी मला हात लावेल असं वाटेना.

आणि मग १९९८ साल उजाडलं.

एका सकाळी कपाट उघडलं. अन्नपूर्णाबाईंचे हात आता सुरकुतले होते. त्यांनी विभूतीने घासघासून मला लखलखीत केलं, गरम पाण्यात उकळलं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. तिथे खुर्चीत एक बाई बसली होती. मोठा चेहरा, गाल मात्र ओघळलेले, ओठ कोरडे पडलेले. मी ओळखलंच नाही. तिने मला पाहिलं आणि ओरडली, "अय्यो अम्मा! मी बेचाळीस वर्षांची आहे!"

आवाजावरून ओळखलं. माझी सरोजा!

"मग?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी बेचाळीस वर्षांमागे पण हेच धरलं होतं. तोंड उघड."

हळूहळू मला सगळं कळलं. सरोजा टेलिफोन ऑफिसात नोकरीला. वजन एकशे एकवीस किलो. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. मांबलम स्टेशनाचा जिना चढताना ती मधेच कठड्याला धरून उभी राहायची आणि मागचे लोक च्च-च्च करायचे. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन करून तिचं पोटच लहान केलं. पोटाची वरची लिंबाएवढी पिशवी तेवढी वापरात ठेवली, आणि तिच्यातून खाली जायची वाट तर अगदी अरुंद. बरं वाटेपर्यंत ती आणि तिचे यजमान राघोत्तमराव आईकडे राहायला आले होते.

पाच आठवडे झाले होते, पण सरोजा पाणीच पिईना. पेल्याने प्यायला गेली की जरा मोठा घोट जायचा आणि छातीत कळ यायची. त्या भीतीने तिने पेलाच बाजूला सारला. दवाखान्यातल्या आहारवाल्या कनकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारपर्यंत दिवसाला एक लिटर पोटात जायला लागलं नाही, तर पुन्हा भरती करून सलाईन लावावं लागेल." सरोजाचे दोन्ही हात आधीच सुयांनी काळेनिळे झाले होते. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, पुन्हा त्या खाटेवर मला निजवू नका. मी परत उठायची नाही."

आता सांगा, अशा वेळी कुणाची आठवण येणार? माझीच!

राघोत्तमराव अंबत्तूरच्या एका कारखान्यात मापं तपासायचं काम करत. त्यांनी औषधाच्या मापाने मला मोजलं आणि उडालेच. "तीस मिली! डॉक्टरांनी एका वेळी तीसच सांगितलंय. आमचं गेज पण एवढं नेमकं नसतं, सरोजा!"

"मग त्याला कारखान्यात न्या, तुम्ही घरी राहा," सरोजा म्हणाली. पण तिने तोंड उघडलं. माझ्या चोचीतून बारीक धार गेली. कळ आली नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा एक. मग पुन्हा. बुधवारी पाऊण लिटर झालं आणि राघोत्तमरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीने मोठी फुली मारली. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

पण मित्रांनो, अन्नपूर्णाबाईंना मात्र आनंद होईना. त्यांच्या लेखी पोटावर टाके म्हणजे बाळंतीण, आणि बाळंतिणीला तूप, लेगियमचं औषधी चाटण, लसणीचं रसम दाबून घालायचं असतं. इथे लेकीचे गाल ओघळलेले, केसांचे पुंजके फणीत येतायत आणि एका वेळी जातंय काय, तर एक बोंडलं ताक! त्या मला धुता धुता माझ्याशीच बोलायच्या. "एवढंसं तुझं पोट. माझी पोर वाळून चालली रे."

त्यातून सरोजाचं पोट सहा दिवस साफ झालं नव्हतं. कनकाबाई अन्नपूर्णाबाईंना पाट्टी, म्हणजे आजी म्हणत. त्यांनी फोनवर सांगितलं, "पाट्टी, अर्धा चमचा सब्जा अर्धा तास पाण्यात भिजवा. चांगला फुगला की ताकात घालून थोडाथोडा द्या. वेळ मोजून भिजवा हं." सब्जा म्हणजे ते काळे बारीक दाणे. सरबतात टाकलं की अंगावर पांढरा बुळबुळीत अंगरखा चढवतात, तेच.

अन्नपूर्णाबाईंनी भिजलेला सब्जा बघितला. अर्ध्या चमच्याचं केवढं झालेलं! त्यातला जेमतेम थोडासा माझ्यात मावला. त्या विचारात पडल्या. डॉक्टरांचा नियम एका वेळी एक बोंडलं, तो मोडायचा नाही. पण बोंडल्यात काय भरायचं ते तर आपल्या हातात आहे! भिजलेले दाणे जागा खातात, कोरडे खात नाहीत. मग कोरडेच का घालू नयेत? एका बोंडल्यात दोन चमचे मावतील आणि पोरीच्या अंगी लागतील.

मायेचं डोकं असं चालतं, मित्रांनो. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

गुरुवारी सकाळी त्यांनी माझ्यात दोन चमचे कोरडा सब्जा ओतला, वरून ताक घातलं आणि मला सरोजाच्या शेजारी ठेवलं. पाजणार, एवढ्यात त्यांना आठवलं, केस गळतायत म्हणजे दृष्टच लागलीय पोरीला. आधी ती काढू या. मूठभर मीठमोहऱ्या घेऊन त्यांनी तिच्यावरून तीनदा ओवाळल्या, "आल्यागेल्याची, शेजारणीची" असं पुटपुटत स्वयंपाकघरात गेल्या आणि ते सगळं गॅसवर टाकलं. तडतड तडतड! मोहऱ्या संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या.

तेवढ्या वेळात माझ्या पोटात काय चाललं होतं! एकेक दाणा अंग फुगवत होता. ताक पिऊन टाकून ते सगळे एकमेकांना चिकटले आणि चोचीत शिरून बसले. माझा गळाच बुजला.

अन्नपूर्णाबाईंनी येऊन मला सरोजाच्या ओठांशी टेकवलं. काही आलं नाही. आणखी तिरकं केलं. तरी नाही.

"रिकामंच पाजत्येस काय अम्मा?" सरोजा हसली.

"रिकामं कसलं! गच्च भरलंय!" त्यांनी मला हलवलं, ठोकलं, माझ्या चोचीत फुंकही मारली. राघोत्तमराव खराट्याची काडी घेऊन आले. काडी आत घातली तशी वाकली. शेवटी त्यांनी मला बशीत उपडं करून मागून जोराची थाप मारली. थप्प! माझ्या पोटाच्या आकाराचा एक राखाडी गोळा बशीत पडला आणि थुलथुलत उभाच राहिला.

राघोत्तमरावांनी गोळ्याला काडी टोचून बघितली.

"अम्मा, किती घातला होतात?" राघोत्तमरावांनी हळूच विचारलं.

"दोन चमचे."

"भिजवून?"

अन्नपूर्णाबाईंनी नकारार्थी मान हलवली. राघोत्तमरावांनी मला उचललं आणि माझी चोच त्यांच्यासमोर धरली. "अम्मा, सरोजाच्या पोटाची वाट साधारण एवढीच आहे. हे तिच्या आत फुगलं असतं तर काडी कुठून घातली असती?"

अन्नपूर्णाबाईंनी बशी दूर सारली. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मी माझ्या हाताने..." एवढंच त्या म्हणाल्या. मग लेकीकडे बघून, "पोर खात नाही म्हटलं की माझ्याने बघवत नाही, सरोजा. मला दुसरं काय येतं गं? भरवायलाच तेवढं येतं."

सरोजाने आईचा हात आपल्या हातात घेतला. "अम्मा, खरं सांगू? कितीतरी वेळा मला भूक नसायची. तू ताटाकडे बघत बसायचीस म्हणून मी खायची."

हे ऐकून अन्नपूर्णाबाई रडल्या. सरोजाही रडली. राघोत्तमराव उगाचच बशी धुवायला गेले.

त्या दिवशी दुपारी अन्नपूर्णाबाईंनी घड्याळ समोर ठेवून अर्धा तास सब्जा भिजवला. अर्धाच चमचा! दर वेळी माझ्यात त्यातले थोडे दाणे, बाकी पातळ ताक. एक बोंडलं झालं की त्या लेकीच्या तोंडाकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसायच्या. किती जड गेलं असेल त्यांना! पण संध्याकाळपर्यंत कॅलेंडरावर एक लिटरची फुली पडली. शुक्रवारी पहाटे सरोजाचं पोटही साफ झालं. राघोत्तमराव ही बातमी फोनवर मेहुण्याला, जनकोजीला, इतक्या मोठ्याने सांगत होते की सरोजाने त्यांना उशी फेकून मारली.

दवाखान्यात कनकाबाईंनी सरोजाला तपासून घेतलं आणि म्हणाल्या, "भरती नको. घरी जा." सरोजाने डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता माझं काम संपलं, पुन्हा फडकं, पुन्हा कपाट.

तेवढ्यात अन्नपूर्णाबाईंनी पिशवीतून मला बाहेर काढलं आणि कुणी न विचारता सगळं सांगून टाकलं. कोरडे दाणे, दृष्ट, बशीतला गोळा, काही लपवलं नाही. कनकाबाई आधी चिडल्या, मग विचारात पडल्या. "पाट्टी, शेजारच्या खोलीत वेल्लूरची एक मुलगी आहे, हेच ऑपरेशन झालेली. तिची आई रोज चोरून इडल्या आणते. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

अन्नपूर्णाबाई मला घेऊन उठल्या. त्या वेल्लूरच्या आईसमोर त्यांनी माझ्यात दोन चमचे कोरडा सब्जा घातला, वरून पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "बसा. पाच मिनिटं आपण दोघी नुसत्या गप्पा मारू." पाच मिनिटांनी त्यांनी मला उपडं केलं. थेंबही पडला नाही. त्या आईने माझ्या चोचीकडे बघितलं, मग बिछान्यावरच्या लेकीकडे, आणि इडल्यांचा डबा परत पिशवीत ठेवला.

तेव्हापासून दर शुक्रवारी मी दवाखान्यात जातो आणि सगळ्यांसमोर गळा बुजवून घेतो. दूध पाजताना माझ्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आता वाजवतात!

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी आजारातून उठलं असेल, कुणाला थोडंच खाता येत असेल. त्यांना थोडंच द्या आणि त्यांच्याजवळ बसा. "अजून घे" म्हणू नका. आणि माझ्यासाठी एक कराल? बोंडलं वापरून झालं की त्याची चोच लगेच धुवा. सब्जा वाळला ना, की फार टोचतो हो!